प्रति: बर्जील म्हणजे शेखांचा छंद?

'राजघराण्यातल्या माणसाचा छंद, चित्रं जाणार तिजोरीत' हे तुमचं म्हणणं बर्जील आर्ट फाउंडेशनबद्दल (अरब चित्रकला जमवणारी शारजाची संस्था) तरी पटलं नाही. शारजाच्या राजघराण्यातल्या सुलतान सऊद अल कासिमींनी ('सुलतान' हे नावच, पद नव्हे) २०१० मध्ये संस्था काढली, पैसा घरचाच, ते खरं. पण संग्रहातली निवडक चित्रं २०१८ पासून शारजा आर्ट म्युझियममध्ये टांगलेली आहेत, तीही फुकट बघायला. पुढे मांडणी बदलताना त्यांनी स्त्री आणि पुरुष चित्रकार समसमान ठेवले, आणि त्यासाठी बायकांची चित्रं मुद्दाम शोधून विकत घेतली. (आपल्या किती संग्रहालयांनी असं केलंय?)

तिथलं इराकी चित्रकार काझिम हैदरचं १९६५ चं चित्र चुकवू नका. मोहरममध्ये आठवल्या जाणाऱ्या करबलाच्या शोकातले दहा दमलेले घोडे, शून्याशी बोलणारे. दुबईकर मराठी मंडळींना तर शारजा हाकेच्या अंतरावर.