किनाऱ्याच्या सुरक्षेसाठी फोन ऐकायचे, पण सही कुणाची?

हर्णैचा_तांडेल: 1993 ला मुंबईच्या बॉम्बस्फोटांसाठी रायगडातल्या शेखाडीला आरडीएक्स उतरलं. 2008 ला मुंबईवर हल्ला करणारे ‘कुबेर’ ही आपलीच मच्छीमार बोट पळवून आले. आम्ही दर्यात जाणारे, किनारा किती उघडा आहे ते रोज बघतो. संशय आला की सरकारने फोन बेलाशक ऐकावेत. मनात खोट नसेल त्याने घाबरायचं कशाला?

सड्यावरची_राजापूर: दादा, 1993 चंच पूर्ण सांगा ना. जानेवारीत दिघी जेट्टीवर उतरलेला माल पोलिसांनी गोंडघर फाट्यावर अडवला होता. लाच ठरली आणि ट्रक सोडले. पुढे पोलीस आणि कस्टमचे अधिकारीही कोर्टात दोषी ठरले. फोन ऐकता आले नाहीत म्हणून ते घडलं नाही, विकल्या गेलेल्या माणसांमुळे घडलं. त्याच यंत्रणेच्या हाती आणखी अधिकार द्यायचे, तर तिच्यावर बाहेरचं कुणीतरी हवं. आज गृहसचिव सही करतो, तपासणी समितीत पुन्हा सचिवच बसतात, आणि ज्याचा फोन ऐकला त्याला कधी कळतही नाही. कायद्यात ‘सार्वजनिक सुव्यवस्था’ हेही कारण आहे. 2023 ला बारसूत रिफायनरीसाठीच्या माती परीक्षणाला विरोध केला म्हणून लोकांना प्रतिबंधात्मक नोटिसा आल्या. उद्या त्याच कारणाखाली आमचे फोन ऐकले तर आम्ही दाद कुठे मागायची? मला याची खरंच भीती वाटते.

अलिबाग_कोर्टनाका: सुप्रीम कोर्टाने 1996 मध्येच फोन टॅपिंगला बंधनं घातली. 2017 मध्ये नऊ न्यायमूर्तींनी खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. मुंबई हायकोर्टाने 2019 मध्ये एका लाचप्रकरणातले टॅपिंगचे आदेश रद्द करून रेकॉर्डिंग नष्ट करायला लावलं. म्हणजे दाद मिळते. पण त्या माणसाला ते कळलं, कारण त्याच्यावर खटला भरला गेला.

हर्णैचा_तांडेल: बारसूचं मान्य. पण बोट किनाऱ्याला लागेपर्यंत न्यायाधीश शोधत बसायचं का? तेवढ्यात माणसं मरतील.

सड्यावरची_राजापूर: तातडीच्या वेळी आधी ऐकून कामकाजाच्या सात दिवसांत वरची मंजुरी घ्यायची सोय आजच्या नियमांतही आहे. ती तशीच ठेवा. फक्त मंजुरीची सही न्यायाधीशाची असू दे.