डिपेंडन्सी: अवलंबित्व, आधार की आणखी काही?

प्रश्न: डेबियन (लिनक्सचा एक प्रकार) १२ वरून १३ वर जाण्याबद्दल मराठीत टिपण लिहितोय. डिपेंडन्सीला, म्हणजे एक पॅकेज (इन्स्टॉल करायचा सॉफ्टवेअरचा गठ्ठा) चालायला लागणाऱ्या दुसऱ्या पॅकेजला, सगळीकडे 'अवलंबित्व' दिसतं. पण 'ही तीन अवलंबित्वं इन्स्टॉल करा' असं लिहवत नाही. दुसरं काही?

प्रतिसाद: लिहवणार कसं? अवलंबित्व ही अवस्था, आणि आपण इन्स्टॉल करतो ती वस्तू. कर्ल हा प्रोग्राम लिबकर्ल या लायब्ररीवर (प्रोग्राम वापरतात तो तयार कोड) अवलंबून, लिबकर्ल ओपनएसएसएल या दुसऱ्या लायब्ररीवर. इथवर क्रियापदाने भागतं. वस्तूला मी 'आधार पॅकेज' म्हणतो. नुसतं 'आधार' नको, लोक कार्ड शोधायला लागतील.

प्रतिसाद: खरी गफलत 'अवलंबित पॅकेज' करतं. अवलंबित म्हणजे जो टेकलाय तो, म्हणजे कर्ल. लिबकर्लला अवलंबित म्हटलं की दिशाच उलटली. नवं काही बसवताना हे खपून जातं, काढताना मात्र अंगाशी येतं: लायब्ररी काढायला गेलात की तिच्यावर टेकलेली पॅकेजंही एपीटी (डेबियनचं पॅकेजं बसवायचं-काढायचं साधन) काढायला घेतं. 'एपीटी-कॅश आरडिपेंड्स' त्यांचीच यादी देतं. त्यांना 'आश्रित' म्हणा, चपखल बसतो.

प्रश्नकर्ता: आश्रित घेतला. पॅकेजाच्या माहितीत इतर पॅकेजांशी नातं सांगणाऱ्या डिपेंड्स, रेकमेंड्स, सजेस्ट्स या नोंदींना आवश्यक, शिफारस, सुचवणी चालेल?

प्रतिसाद: शेवटचे दोन चालतील. शिफारशीतली पॅकेजं एपीटी न सांगता आणतं, सुचवणीतली आणत नाही, एवढं कंसात लिहा. 'आवश्यक' मात्र डिपेंड्ससाठी अडवू नका. डेबियनमध्ये 'इसेन्शियल' (ज्याच्याविना प्रणाली चालत नाही) ही वेगळीच खूण आहे. बॅश, डीपीकेजी अशा मोजक्या पॅकेजांवर असते. 'आवश्यक' तिला ठेवा, डिपेंड्सला 'अनिवार्य'.

प्रतिसाद: अपडेट आणि अपग्रेड दोन्हींना 'अद्ययावत करणे' लिहू नका, हात जोडून विनंती. 'एपीटी अपडेट' फक्त उपलब्ध पॅकेजांची यादी ताजी करतं, एकही प्रोग्राम बदलत नाही. 'अपग्रेड' नव्या आवृत्त्या बसवतं, पण बसवलेलं काही काढत नाही. 'फुल-अपग्रेड'ला काढायचीही मुभा.

प्रश्नकर्ता: मग अपग्रेडमध्ये न बदललेल्या पॅकेजांपुढे एपीटी दाखवतं त्या 'केप्ट बॅक'ला 'रोखून धरली'?

प्रतिसाद: नको. रोखून धरणं म्हणजे होल्ड. ते आपण 'एपीटी-मार्क' या आज्ञेने मुद्दाम करतो. केप्ट बॅक म्हणजे 'मागे राहिली'. तुमच्याच टिपणातलं उदाहरण घ्या. २०३८ साली ३२-बिट घड्याळांची मोजणी संपणार, म्हणून डेबियन १३ मध्ये वेळ साठवायचा डेटा-प्रकार ६४ बिटांपर्यंत रुंदावला आणि पुष्कळ लायब्रऱ्यांच्या नावापुढे 'टी६४' लागलं. ओपनएसएसएलच्या लिबएसएसएल३ चं झालं लिबएसएसएल३टी६४. नवी लायब्ररी आली की जुनी जायला हवी, आणि 'अपग्रेड' तर काही काढत नाही. तिच्यावर टेकलेले प्रोग्राम मागे राहतात, ते 'फुल-अपग्रेड'ने पुढे सरकतात. तेव्हा ती आज्ञा देण्याआधी काढायच्या पॅकेजांची यादी वाचा, हे टिपणात ठळक छापा.