सातपुडा दरसाल जळतो अन् जूनमध्ये हिरवा होतो, मग कॅनडाच्या जंगलाचं एवढं काय?

केळीवाला_रावेर:
राम राम मंडळी. माझा भाचा कॅनडातल्या अल्बर्टात ट्रक चालवतो. परवा व्हिडिओ कॉल केला तर भरदुपारी त्याच्या मागचं आभाळ नारिंगी. म्हणतो, मामा, इथे आता उन्हाळा आला की हेच, जंगल संपून राहिलं. मी म्हटलं, भो, आपल्या पालच्या डोंगरात होळीपासून वणवे लागतात, रात्री मळ्यातून आगीची रांग दिसते. मृगाचे दोन पाऊस पडले की डोंगर पुन्हा हिरवा. मग त्यांच्या सूचिपर्णी झाडांनाच काय सोनं लागलंय? आणि जिथे सहा महिने बर्फ, तिथे आग लागते तरी कशी? टिंगल नाही, खरंच विचारतोय.

निवृत्त_वनपाल:
भाऊ, आधी घरचं बघू. जूनमध्ये लांबून जे हिरवं दिसतं त्यात तरोटा किती आणि घाणेरी किती, ते एकदा डोंगर चढून बघा. माझी नोकरी यावलच्या जंगलात गेली. मोहाखालचा पाला जाळला की फुलं वेचायला सोपी, म्हणून काडी लावतात. ती आग वाळल्या पाल्यातून जमिनीलगत सरकते. मोठा साग काळा पडतो, पण सहसा मरत नाही. रोप जळालं तरी मूळ जिवंत राहतं, पावसात फुटवा येतो. पण दरसाल जळालं तर ते रोप गुडघ्याच्या वर जातच नाही. जाळरेषा, म्हणजे आग अडवायला आधीच जाळून मोकळा केलेला पट्टा, वेळेत काढायचो ते उगाच नाही. तेव्हा ‘हिरवं झालं म्हणजे झालं’ हे आपल्याला मान्य नाही. तिकडच्या झाडांचं तिकडचे लोक सांगतील.

अमळनेरची_लेक:
नमस्कार आप्पा. तिकडची मी आहे. कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतात जळालेल्या जंगलात परत काय उगवतंय ते मोजायचं काम करते. केळीवाले काका, चहा घेऊन बसा, उत्तर लांब आहे.

तुमची आग पायाशी फिरते, इथली शेंड्याला जाते. काळा स्प्रूस हे इथलं सूचिपर्णी झाड, त्याच्या फांद्या जमिनीपर्यंत लोंबतात, त्यांत राळ भरलेली. आग त्यांवरूनच वर चढते आणि उभं झाड मरतं. सागासारखा फुटवा नाही, पुढची पिढी बियांतूनच. तरी या झाडांना आग नवी नाही, उलट तिच्या भरवशावरच त्यांनी संसार मांडलाय. माझ्या टेबलावर लॉजपोल पाइन या दुसऱ्या सूचिपर्णी झाडाचं शंकूफळ आहे. दोन इंचांचं, खवले राळेने असे चिकटलेले की नखाने उचकटत नाहीत. उकळत्या पाण्यात बुडवून शेगडीजवळ ठेवलं की टिकटिक करत उघडतं आणि आतून तिळाएवढं, पातळ पंखाचं बी निघतं. हे बी झाडावर वर्षानुवर्षं बंद राहतं. आग येते, राळ वितळते, मग खाली राखेवर पेरणी. स्प्रूसची फळंही शेंड्याला झुबक्याने अशीच अर्धी मिटलेली असतात.

गडबड झाली ती दोन आगींमधल्या अंतरात. स्प्रूसच्या जंगलात त्याच जागी पुन्हा आग यायला साधारण १०० वर्षं लागायची. भरपूर बी धरायलाच झाडाला काही दशकं हवीत. आता काही ठिकाणी १५-२० वर्षांतच दुसरी आग येते, तेव्हा शेंड्यावर पुरेसं बी नसतं.

दुसरं, जमीन. थंडीमुळे इथे पाला नीट कुजत नाही. शेवाळ आणि अर्धवट कुजलेल्या पाल्याचा जाड थर साचतो, त्याखाली कित्येक ठिकाणी कायम गोठलेली माती. उन्हाळा लांबून हा थर वाळला की आग त्यात खोल उतरते आणि माती उघडी पडते. तिथे स्प्रूसऐवजी पानझडी बर्च आणि अ‍ॅस्पेन येतात. त्यांचं बारीक बी उघड्या मातीत चटकन रुजतं, आणि आप्पा, अ‍ॅस्पेन तर तुमच्या सागासारखं मुळांवरूनही फुटतं. अलास्कात २००४ च्या आगींनंतर अभ्यासकांनी हा बदल नीट नोंदवलाय. म्हणजे काका, हिरवं इथेही परत येतं, पण ते जंगल दुसरंच असतं. सगळं वाईटच आहे असंही मी म्हणणार नाही. पानझडी जंगल सहजासहजी पेटत नाही, आणि हिवाळ्यात पानं नसल्याने बर्फावरचं ऊन परत फिरतं. पण कॅरिबू (इथली रेनडियर हरणं) हिवाळ्यात ज्या लायकेनवर जगतात (आपल्या मसाल्यातलं दगडफूलही लायकेनच), ते पुन्हा पोटभर वाढायला कित्येक दशकं जातात. कॅरिबूंनी तोवर काय खायचं?

२०२३ च्या एका हंगामात कॅनडात सुमारे १.५ कोटी हेक्टर जळालं. अख्खा महाराष्ट्र ३ कोटी हेक्टरांचा आहे. यलोनाइफ हे जवळपास २०,००० वस्तीचं शहर रिकामं करावं लागलं, धूर न्यूयॉर्कला पोचला. भुंगेऱ्याचं तर वेगळंच. पाइनची साल पोखरणाऱ्या या किड्याने आमच्या एका प्रांतात सुमारे १.८ कोटी हेक्टरांवर हात मारला. पूर्वी पारा उणे ४० च्या खाली गेला की त्याच्या अळ्या मरायच्या. तशी थंडी आता कमी पडते.

चोपड्याचा_पोऱ्या:
ताई, बर्फात आग लागते कशी ते राहिलंच ना.

अमळनेरची_लेक:
आग लागते ती उन्हाळ्यातच रे. जूनमध्ये उत्तरेला १८-२० तास उजेड असतो, वाळायला वेळच वेळ. वर वीज पडते, आणि जळालेल्या क्षेत्राचा बहुतेक भाग विजेच्या आगींचाच असतो. भुसावळच्या उन्हात मामाकडे सुट्ट्या काढलेली मी, पण २९ जून २०२१ ला आमच्या प्रांतातल्या लिटन गावात पारा ४९.६ अंशांवर गेला. दुसऱ्या दिवशी ते गाव जळालं. आणि हो, बर्फातही आग असते. २०२३ च्या कित्येक आगी २०२४ च्या जानेवारीत बर्फाखालच्या त्या थरात धुमसत होत्या. वरून काही दिसत नाही, कुठेतरी बर्फातून धुराची बारीक रेघ निघते, तेवढीच.

केळीवाला_रावेर:
मग झाडं का लावत नाहीत? आपल्याकडे एका दिवसात कोटीकोटीने लावतात, फोटोपुरती का होईना.

अमळनेरची_लेक:
लावतात की, पण जास्त करून तोड झालेल्या जागी. उत्तरेला शेकडो किलोमीटर रस्ताच नाही, रोपं न्यायची कशी? आणि स्प्रूसच लावला आणि वीस वर्षांत पुन्हा आग आली, तर पुन्हा तेच.

निवृत्त_वनपाल:
आमच्या जाळरेषेसारखं काही करत नाहीत का? वेळेवर, थंडाव्यात, मुद्दाम जाळून?

अमळनेरची_लेक:
दक्षिणेकडच्या कोरड्या खोऱ्यांत करायचे, आप्पा. तिथले मूळ रहिवासी गवत आणि झुडपं ठरवून जाळायचे. सरकारने १८७४ मध्ये कायदा करून ते बंद पाडायला सुरुवात केली, आता त्यांच्याच लोकांना बोलावून पुन्हा शिकणं चालू आहे. स्प्रूसच्या जंगलात आग सहज शेंड्याला जाते, म्हणून तिथे ते जोखमीचं. तिथे गावांभोवतीचा स्प्रूस कमी करून अ‍ॅस्पेन राखतात. काका, भाच्याला म्हणावं, आभाळ नारिंगी झालं की एन-९५ मास्क लाव आणि ट्रकची काच बंद ठेव. रुमालाने तो धूर अडत नाही.