मदत हवी आहे: ग्राफिक नॉव्हेलमधल्या बायका आणि गे कॅरेक्टर्स

मंडळी, एमएच्या पेपरसाठी हा विषय हौसेनं घेतला खरा पण आता गाडं अडलंय. सुपरहिरोवाला भाग सोपा आहे, १९५४ च्या कॉमिक्स कोडमुळे (अमेरिकन कॉमिक्स कंपन्यांनी स्वतःवरच घालून घेतलेली सेन्सॉरची नियमावली) समलिंगी पात्रं वर्षानुवर्षं बाहेरच, १९८९ ला नियम सैल झाले आणि १९९२ मध्ये मार्व्हल कंपनीचा सुपरहिरो नॉर्थस्टार उघडपणे सांगतो की मी गे आहे. बायकांचं तर विचारूच नका, हिरोला राग यावा म्हणून मारायच्या, १९९४ च्या ग्रीन लँटर्न या सुपरहिरोच्या कॉमिकमध्ये त्याच्या गर्लफ्रेंडला चक्क फ्रीजमध्ये कोंबलंय!

पण जीव अडकलाय तो ॲलिसन बेक्डेलच्या 'फन होम' (२००६) या चित्रांतून सांगितलेल्या आत्मकथेमध्ये. छोटी ॲलिसन वडिलांबरोबर हॉटेलात बसलीये, तिथे आखूड केसांची, पुरुषी कपड्यातली, कमरेला किल्ल्यांचा जुडगा लावलेली एक बाई येते, पोरगी बघतच राहते आणि बाप विचारतो, तुला असं दिसायचंय का? ती नाही म्हणते. आणि हा बाप स्वतः आयुष्यभर लपून गे.

तर गाईड म्हणतात स्टोरी सांगू नकोस, चित्रावर लिही. ते कसं करतात? चौकटी, नजर, रेषा यावर काही वाचायला सुचवा ना. दुसरं, आपल्याकडचं माझ्याकडे फक्त अमृता पाटीलचं 'कारी' (२००८) आहे, मुंबईसारख्या शहरात जाहिरात कंपनीत काम करणारी कारी, मस्तच आहे, पण त्यानंतरचं काय? मराठीत कुणी काढलंय का असं? पुण्यात कुठल्या लायब्ररीत मिळेल तेही सांगा, विकत घेणं परवडत नाहीये.