[लिस्ट] क्रॅबग्रास: आधी फवारणी की सरळ पेरणी?

निखिल (एडिसन, न्यू जर्सी):
मंडळी, फोटो परवाच्या मेलमध्ये आहेतच. ड्राइव्हवेच्या कडेला लॉनमध्ये क्रॅबग्रास या तणाला तुरे आलेत. घरात क्विनक्लोरॅक, २,४-डी आणि डायकॅम्बा या तणनाशकांचं मिश्रण आहे. टॉल फेस्क्यू या लॉनच्या गवताचं बी सप्टेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात पडायला हवं. आधी फवारू का? लॉनच्या मातीला भोकं पाडणारा एअरेटर शनिवारीच मिळतोय.

शिरीषकाका:
फवारू नकोस. क्रॅबग्रास वर्षायू आहे, ऑक्टोबरातल्या पहिल्या कडक हिमाने आपोआप मरतं. एवढं फुटवलेलं झाड औषधाला दादही देत नाही. शिवाय अशा मिश्रणांवर पेरणीआधी साधारण महिनाभर थांबायला सांगतात, म्हणजे सप्टेंबर हातचा गेला. तुरे उपटून पिशवीत भर, मग एअरेशन आणि हजार चौरस फुटांना ६ ते ८ पौंड बी. पेरणीच्या दिवशी मेसोट्रायोन हे तणनाशक चालतं. तण उगवण्याआधी टाकायचं प्रोडायमिन मात्र अजिबात नको, ते उगवणाऱ्या प्रत्येक बीचं मूळ खुंटवतं, पेरलेल्याचंही.

मेधाताई:
काका, फोटो दोन क्रॅबग्रासचा नाही हो! निखिल, दांडा चिमटीत फिरवून बघ. तीन कडा लागल्या तर तो नटसेज, आपल्या नागरमोथ्याचा भाऊबंद. पोपटी रंग, आणि कापल्यावर दोन दिवसांत लॉनच्या वर डोकं काढतो. उपटलास तर गाठी जमिनीतच राहतात आणि पुन्हा फुटतात. त्याला हॅलोसल्फ्युरॉन हे वेगळं तणनाशक लागतं, तेही जूनमध्ये, नव्या गाठी धरायच्या आधी. पन्हाळीचं पाणी तिथेच सोडलंयस, ते आधी वळव.
आणि सर्वांनाच सांगते, क्विनक्लोरॅक मारलेलं कापलेलं गवत भाजीच्या वाफ्यात घालू नका. टोमॅटो-वांग्यांची पानं आकसतात.

सुहास:
मेधाताईंच्या वाफ्याच्या मुद्द्याला अनुमोदन. पण एप्रिलमध्ये प्रोडायमिन टाकूनही कडेलाच का उगवतं? आणि मंडळाचा स्प्रेडर (बी-खत पसरायचं यंत्र) कोणाकडे आहे? यादी माझ्याकडे असते, परस्पर नेऊ नका.

शिरीषकाका:
सुहास, डांबरालगतची माती आधी तापते, त्यामुळे बी तिथे लवकर रुजतं आणि औषधही लवकर विरतं. दोन इंच खोलीवर मातीचं तापमान ५०-५५ फॅरनहाइट झालं, फोर्सिथियाचं पिवळं झुडूप फुललं, की प्रोडायमिन टाकायचं. लगेच अर्धा इंच पाणी द्यायचं, नाहीतर दाणे वरच पडून राहतात. मात्रा दोन हप्त्यांत विभागा, दुसरा सहा ते आठ आठवड्यांनी. एकूण मात्रा लेबलच्या वार्षिक मर्यादेत ठेवा.
कापणी साडेतीन इंचांवर ठेवा. दोन इंचांवर कापलं की ऊन थेट मातीपर्यंत जातं आणि क्रॅबग्रासला तेवढंच पुरतं.

निखिल:
दांड्याला तीन कडा आहेत. पन्हाळ उद्या वळवतो, शनिवारी एअरेशन. सुहास, रविवारसाठी स्प्रेडर माझ्या नावावर लिही.

सुहास:
लिहिला. परत देताना धुऊन, कोरडा करून दे. हॉपरमध्ये (दाणे भरायच्या डब्यात) खताचे दाणे राहिले की पुढच्याची झडप अडकते.