मनातलं चित्र हेच ज्ञान का?

माहुलीकर (सातारा): माझं मत ठाम आहे. आपण बरंचसं ज्ञान चित्रांतच साठवतो. पोवई नाक्यावरून राजवाड्याला कसं जायचं असं कुणी विचारलं, की आधी रस्ता डोळ्यांसमोर येतो, मग शब्द सुचतात. 1971 मध्ये शेपर्ड आणि मेट्झलर या मानसशास्त्रज्ञांनी लोकांना ठोकळ्यांच्या आकृत्यांच्या जोड्या दाखवून ‘दोन्ही एकच का?’ असं विचारलं. आकृती जितकी फिरवलेली, तितका उत्तराला वेळ जास्त. साधारण 60 अंशांना एक सेकंद. मनात आकृती फिरवावी लागत नसेल, तर हा वेळ जातो कुठे?

कृष्णाकाठ (सांगली): मला हे पटत नाही. नकाशा न बघता सांगा, म्हसवड सांगली शहराच्या पूर्वेला की पश्चिमेला? घाईत पश्चिम म्हणाल, पण आहे पूर्वेला. म्हसवड सातारा जिल्ह्यात आणि तो जिल्हा सांगलीच्या वायव्येला, एवढं आपल्याला ठाऊक असतं. बाकीचं आपण त्यावरून ताडतो. मनात खरंच चित्र असतं तर नुसतं बघून सांगता आलं असतं. 1978 मध्ये स्टीव्हन्स आणि कूप यांना अमेरिकेत असंच दिसलं. नेवाडा राज्यातलं रीनो हे कॅलिफोर्नियातल्या सॅन दिएगोच्या पश्चिमेला, पण नेवाडा राज्य कॅलिफोर्नियाच्या पूर्वेला म्हणून लोक रीनोही पूर्वेला सांगत. मानसशास्त्रज्ञ पिलिशिन तर 1973 पासूनच म्हणत होते, की चित्र दिसत असेल, पण ज्ञान असतं ते विधानांच्या, म्हणजे ‘अमुक हे तमुकच्या वायव्येला’ अशा वाक्यांच्या रूपात.

माहुलीकर: चुकीचा नकाशा हाही नकाशाच की! नकाशातल्या तिरक्या रेषा मनात सरळ होतात, म्हणून नकाशाच नव्हता असं कसं म्हणता?

विटेकरीण: रांगोळीचं बघा. ‘11 ते 6, मधले ठिपके’ एवढ्यावर आई अख्खी रांगोळी लक्षात ठेवते. हे विधानच झालं. पण कोणता ठिपका कशाला जोडायचा, हे तिला सांगता येत नाही. ठिपके मांडून झाले की ती क्षणभर नुसती बघत राहते आणि मग हात थांबत नाही. दोन्ही लागतं, मला तरी असंच दिसतं.

वाईकर: मला डोळे मिटले की काहीच दिसत नाही. आईचा चेहरासुद्धा नाही. 2015 मध्ये मेंदूतज्ज्ञ झेमन यांनी याला ‘अफँटेशिया’ नाव दिलं. तरी वाईतला नदीकाठचा घाट न् घाट मला पाठ आहे. माहुलीकर, माझं हे ज्ञान मग कुठल्या चित्रात आहे?

माहुलीकर: तुमच्या प्रश्नाला माझ्याकडे आज उत्तर नाही. पण दिसत नाही म्हणजे जागेची मांडणीच मनात नाही, असं नव्हे. घाटांचा क्रम उलटा सांगताना तुम्हाला काय करावं लागतं, तेवढं लिहा.