शब्दचर्चा : ‘स्थलांतर’ हा शब्द गावात कुणी वापरतं का?

बालाघाटचा मास्तर
आठवीच्या फळ्यावर ‘स्थलांतर’ लिहिलं आणि अर्थ विचारला. पहिल्या बाकावरून उत्तर आलं, “दोन स्थळांमधलं अंतर.” पोरगं चुकलं असं तरी कसं म्हणू? भूगोलाच्या तासाला मीच अंतर किलोमीटरमध्ये मोजायला शिकवलंय. मग भाषांतर, वेषांतर, रूपांतर ही भावंडं सांगितली : दुसरी भाषा, दुसरा वेष, दुसरं रूप, तसं दुसरं स्थळ. नामांतर मात्र मराठवाड्यात कुणाला समजावून सांगावं लागत नाही.

खरी अडचण पुढं आहे. वर्गातली बरीच मुलं दिवाळीनंतर आईबापांबरोबर ऊसतोडीला जातात आणि हा शब्द त्यांच्यापैकी एकाच्याही तोंडात नाही. जूनपासून वह्या देऊन ठेवल्यात. घरी, पारावर, किराणा दुकानात विचारून शब्द आणायचे आणि त्यातून नाटक उभं करायचं. प्रयोग दिवाळीच्या सुट्टीआधी. स्नेहसंमेलन जानेवारीत असतं आणि तेव्हा ज्यांची गोष्ट तेच उसाच्या फडात असतात. (एका वर्षी हे माझ्या लक्षात आलं नव्हतं. मजुराचं काम सरपंचाच्या मुलानं केलं, डोक्याला कोरा करकरीत टॉवेल बांधून.) तर पात्रांच्या तोंडी काय घालू?

गोदाकाठची
आमच्याकडं, गेवराईच्या बाजूला, “यंदा कारखान्याला जायलेत का?” असं विचारतात. ‘कारखान्यात’ नाही, ‘कारखान्याला’. कारखान्यात जाणारा म्हणजे पगार, फंड, क्वार्टरवाला. कारखान्याला जाणारं माणूस सहा-सहा महिने फडात असतं, त्याला धुराडं लांबून दिसतं. एका प्रत्ययात एवढा फरक आहे, तो संवादात चुकवू नका.

जुना स्लिपबॉय
मी साखर कारखान्याच्या शेतकी विभागात होतो, म्हणून थोडं सांगतो.

‘कोयता’ म्हणजे हत्यार खरं, पण टोळीत माणसं मोजायचं मापही तेच. नवरा-बायको मिळून एक कोयता. एकटा गडी असेल तर अर्धा. मुकादम “माझ्याकडं वीस कोयते” म्हणतो तेव्हा चाळीस माणसं असतात आणि त्यांच्या मागची लेकरं मोजणीत नसतात. ‘मुकादम’ मूळ अरबी, पुढं ठेवलेला माणूस. जुन्या कागदांत गावच्या पाटलालाही मोकदम म्हटलेलं आहे.

‘उचल’ला ॲडव्हान्स म्हणू नका. ॲडव्हान्स कामाआधी मिळतो आणि कामात वळता होतो, विषय संपला. उचल फिटली तर फिटली, नाहीतर अंगावर राहते आणि पुढच्या हंगामालाही त्याच मुकादमाकडं जावं लागतं.

‘गव्हाण’ मुलांना आवडेल. गोठ्यात जनावर जिथं चारा खातं ती गव्हाण, आणि कारखान्यात उसाची मोळी जिथं पडते तीही गव्हाणच. हंगाम सुरू होताना निमंत्रणपत्रिकेत ‘बॉयलर अग्निप्रदीपन समारंभ’ छापतात, तो शब्द गाडीवानाच्या तोंडून एकदाही ऐकला नाही. हंगाम संपला की मात्र साहेबापासून बैलगाडीवाल्यापर्यंत सगळे एकच बोलतात : पट्टा पडला.

लातूरकर
थोडी दुसरी बाजू. कारखान्याला जायलेत, जगायला गेलेत, हे सगळं जिवंत आहे, मान्य. पण हजेरीपटावर यातलं काय लिहिणार? ‘स्थलांतरित’ लिहिलं तर हंगामी वसतिगृहाची यादी करता येते, शिक्षण हमी कार्ड देता येतं, पोरगं दुसऱ्या शाळेत बसवता येतं. नाहीतर उरतं ते ‘सतत गैरहजर’. पुस्तकी शब्दावर रुसून चालणार नाही. नाटकात तो मास्तरच्या तोंडी द्या.

दुसरं म्हणजे, शब्द माणूस बघून बदलतो. आपल्या गावचा कोल्हापूरकडं गेला की ‘ऊसतोड मजूर’. मध्य प्रदेशातून जालन्याच्या स्टील कारखान्यात आला की ‘परप्रांतीय’. ८ मे २०२० ला करमाडजवळ रुळावर झोपलेले १६ जण मालगाडीखाली गेले, ते जालन्याहूनच चालत निघाले होते. आणि आपला भाचा अमेरिकेत गेला की ‘स्थायिक’ होतो. एकाच धड्यात हे तिन्ही शब्द शेजारी ठेवून बघा.

गोदाकाठची
‘तांडा’ राहिला की. बैलांवर धान्य-मीठ लादून फिरणारा तो तांडा. आता रस्त्याच्या पाटीवर अमुक तांडा, तमुक तांडा, म्हणजे वस्ती. चालणाऱ्याचं नाव बसलेल्या गावाला पडलं आणि त्याच तांड्यांवरून दिवाळीनंतर ट्रक भरून निघतात.

बालाघाटचा मास्तर
वह्या तपासल्या. ‘कोपी’ एकानं ‘कॉपी’ लिहून आणली. नाटकात तो “आम्ही कॉपीत राहतो” म्हणाला तर प्रमुख पाहुणे केंद्रप्रमुख आहेत, अवघड होईल. (कोपी म्हणजे फडाजवळची पाचटाची झोपडी. खोपी, खोपटं यांच्याच घरातला शब्द वाटतो.)

नावासाठी मी ‘शिलंगण’ सुचवलं होतं. सीमोल्लंघनाचं बोलीतलं रूप, दसराही जवळ. मुलांनी पाडलं. “शिलंगणाला सोनं आणतेत सर, आम्ही काय आणतो?”

त्यांनी ‘खाडा’ घेतलं. एका मुलीच्या वहीत हा शब्द दोनदा होता. पहिल्यांदा आजीचं वाक्य, “पोरीच्या शाळंला खाडा नको म्हणून मी गावात राहिले.” खाली आईचं : “ताप होता तरी खाडा केला नाही, खाड्याचे पैसे कापतेत.” मी लाल पेनानं ‘पुनरुक्ती’ लिहिणार होतो.

जुना स्लिपबॉय
नाव चांगलं आहे. फक्त एक : वाढ्याचं काहीतरी येऊ द्या. उसाचे शेंडे, जनावरांना चारा म्हणून संध्याकाळी विकतात. रोजच्या मीठमिरचीचा पैसा त्यातूनच निघतो आणि बहुतेक तो बाईच्या हातात असतो.

लातूरकर
‘वाढं’ की ‘वाडं’?

जुना स्लिपबॉय
लिहिताना वाढं. फडात सगळे वाडंच म्हणतात.

बालाघाटचा मास्तर
मग वाडंच. नाटक फडातलं आहे.